मॉडिफाय बाईकचा चेक इंजिन लाईट: बॅटरी काढायची, डोंगल घ्यायचा की सर्व्हिस सेंटर गाठायचं?

सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला, मागचा लांबलचक मडगार्ड काढून आखूड टेल टायडी लावली आणि दुसऱ्याच दिवशी मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो बॅटरी काढून ठेव रात्रभर. दुसरा म्हणतो नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून डोंगल (गाडीचा बिघाड मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र) आण. तिसरा म्हणतो शोरूमला टाक. आणि चौथा हमखास म्हणतो, "चालते ना गाडी? मंग राहू दे ना बे!"

गेल्या काही वर्षांत या चारही वाटांनी मी गेलो आहे. सगळ्यात महागात पडली ती चौथी, म्हणून आधी तिच्याबद्दल.

फुल सिस्टीम, म्हणजे इंजिनापासून टोकापर्यंतचा नवा एक्झॉस्ट, लावताना मी ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) काढून त्याचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, टेप गुंडाळून ठेवला होता. दिवा कायमचा पेटला. कारण माहीत असल्यामुळे चारपाच महिन्यांत माझी नजर त्यावरून सरकून जायला लागली. मे महिन्यात रामटेकहून परत येताना मनसर मागे पडलं आणि कन्हानच्या अलीकडे गाडी दोन झटके देऊन बंद पडली. भर दुपार, सावलीला झाड नाही. टेम्पोत घालून गाडी गॅरेजला आणली. स्कॅनर लावला तेव्हा दोन कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं (ईसीयूनं) नोंदवलेले बिघाडाचे नंबर, निघाले: एक माझ्या काढलेल्या सेन्सरचा, दुसरा व्होल्टेज कमी असल्याचा. रेग्युलेटर-रेक्टिफायर गेला होता आणि बॅटरीला चार्जिंगच मिळत नव्हतं. सकाळी सेल्फ जड वाटला होता, पण दिवा तर आधीपासूनच लागलेला, त्यामुळे तो नव्यानं काय सांगणार? कोड दहा असले तरी इंजिनाचा दिवा एकच असतो.

म्हणून कोड उडवायची कुठलीही पद्धत निवडताना मी एकच गोष्ट बघतो: ती पद्धत कोड आधी वाचू देते की नाही?

मॉडिफाय गाडीवर कोड दोन जातींचे असतात. काही तुम्ही केलेल्या बदलांनी तयार झालेले असतात: काढलेला ऑक्सिजन सेन्सर, काढलेली एक्झॉस्ट व्हॉल्व्हची मोटर, बायपास केलेला साईड स्टँड स्विच. हे कितीही वेळा पुसले तरी परत येतात, कारण ईसीयूला ती वस्तू जागेवर दिसतच नाही. दुसरी जात खऱ्या बिघाडाची. कोड किती वेळात परत येतो यावरूनही बराच अंदाज बांधता येतो. चावी फिरवल्यावर किंवा पहिल्या मिनिटभरातच आला तर बहुतेक वेळा वायर तुटलेली, कपलर निघालेला किंवा सेन्सरच्या हीटरचं सर्किट उघडं. वर्धा रोडनं जामठ्यापर्यंत जाऊन आल्यावर, इंजिन चांगलं तापल्यावर आला तर सेन्सरचा सिग्नल किंवा पेट्रोल-हवेचं मिश्रण तपासायला हवं.

बॅटरीचं टर्मिनल काढणं

फुकट आहे आणि दहा नंबरचा पाना सगळ्यांकडे असतो, म्हणून हा सल्ला सगळ्यात लोकप्रिय. पण आताच्या बहुतेक ईसीयू कोड अशा मेमरीत ठेवतात जी वीज गेली तरी पुसली जात नाही. घड्याळ बारा वाजल्यावर येतं, काही गाड्यांत आयडलिंगचं शिकलेलं गणित जातं, कोड मात्र तिथेच. आणि जुन्या गाडीवर समजा कोड गेलाच, तरी तो काय होता हे न कळताच गेला. मी ही पद्धत कोड उडवायला वापरत नाही.

तिचा एक फायदा मात्र खरा आहे: त्या निमित्तानं टर्मिनल तपासलं जातं. फॉग लाईट, मोबाईल चार्जर, अलार्म अशा जास्तीच्या वायरी एकाच बोल्टखाली कोंबल्या की टर्मिनल ढिलं पडतं, आणि ढिल्या टर्मिनलमुळे नाही नाही ते कोड येतात. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. इंजिन चालू असताना टर्मिनलला हात लावायचा नाही.

गाडीचा स्वतःचा डायग्नोस्टिक मोड

जुनी जपानी स्पोर्ट बाईक सेकंडहँड घेतली असेल तर ही वाट आधी बघा. सुझुकीच्या जीएसएक्स-आर मालिकेत सीटखालच्या कपलरमध्ये दोन पिना वायरनं जोडल्या की मीटरवर 'सी' नं सुरू होणारे कोड दिसतात. सी०० म्हणजे बिघाड नाही, सी४४ ऑक्सिजन सेन्सर, सी४६ एक्झॉस्ट व्हॉल्व्हची मोटर. सी२३ म्हणजे गाडी आडवी पडल्याचं ओळखणारा टिप-ओव्हर सेन्सर. टेल टायडी बसवताना तो सेन्सर हलवून उलटासुलटा बसवला, तर उभी गाडीसुद्धा ईसीयूला पडलेली वाटते आणि सुरूच होत नाही. अशा वेळी नवा पंप, नवा प्लग असा खर्च करण्याआधी सीटखाली हात घाला. होंडाच्या सीबीआर २५०आरसारख्या गाड्यांत दिवा लुकलुकतो: लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. दोन लांब आणि एक छोटी म्हणजे २१, ऑक्सिजन सेन्सर.

पैसे लागत नाहीत आणि कोड वाचताही येतो. धोका फक्त चुकीच्या पिना जोडण्याचा, तेव्हा तुमच्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवा. व्हिडिओतली गाडी तुमच्यासारखी दिसते म्हणून तिचा कपलरही तोच असेल असं नाही.

डोंगल आणि मोबाईल अ‍ॅप

बीएस६ गाडी असेल, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची, तर माझं मत याच्या बाजूनं आहे. ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल पाचशे ते दीड हजारात मिळतो. तो कारच्या १६ पिनांसाठी बनलेला असतो. बऱ्याच बाईकवर सीटखाली सहा पिनांचा कपलर असतो, त्यामुळे मधे जोडायची छोटी केबल वेगळी घ्यावी लागते. अनेक जण केबल विसरतात आणि डोंगल खणात पडून राहतो. स्वस्तातल्या नकली डोंगलना सगळे प्रोटोकॉल कळत नाहीत, म्हणून दुकानातच आपल्या गाडीला लावून बघितलेलं बरं.

याचा खरा फायदा कोड पुसण्यात नाही, बघण्यात आहे. पी०१३१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज कमी, पी००३१ म्हणजे त्याच्या हीटरचं सर्किट, पी०५६२ म्हणजे सिस्टीम व्होल्टेज कमी. हा तिसरा मला आधी दिसला असता तर कन्हानची ती दुपार टळली असती. अजून दिवा न पेटवलेले, वाटेवर असलेले कोडही यात दिसतात. शिवाय लाईव्ह आकडे: इंजिन तापल्यावर चांगला ऑक्सिजन सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सतत वरखाली होत राहतो. तो एकाच आकड्यावर अडकला असेल तर बिघाड समोरच आहे. गाडी चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज चौदाच्या आसपास हवं. कूलंटचा आकडा मे महिन्यात सिग्नलवर उभं राहिल्यावर शंभरपर्यंत गेला आणि पंखा सुरू झाला, तर घाबरायचं कारण नाही. पंखा सुरू होऊनही तो खाली येत नसेल तर थांबा.

पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढाच. कोड पुसला की बिघाड झाला त्या क्षणाची नोंद, म्हणजे आरपीएम, तापमान, वेग, हेही सोबत जातं. चावी चालू, इंजिन बंद, मग क्लिअर. काम झालं की डोंगल काढून ठेवा, नाहीतर तो बॅटरी खात राहतो.

मर्यादा एवढीच की साधा डोंगल बहुधा इंजिनाच्या ईसीयूशीच बोलतो. एबीएसचा दिवा त्यानं जाणार नाही. पॅडॉक स्टँडवर मागचं चाक फिरवून चेन साफ केल्यावर एबीएसचा दिवा लागला असेल, तर चावी बंद करून थोडं अंतर चालवल्यावर तो बहुतेक जातो. तसा गेला नाही तर पुढची वाट.

सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर

एबीएस, इमोबिलायझर, क्विकशिफ्टर सगळं वाचणारं यंत्र बहुधा यांच्याकडेच असतं. गाडी वॉरंटीत असेल आणि बदल किरकोळ असतील, तर इथेच जा. पण ईसीयू फ्लॅश केलेला (म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदललेलं) असेल तर गाडी देताना तोंडी नको, जॉब कार्डावर लिहून घ्या: सॉफ्टवेअर अपडेट करायचं नाही. अपडेट झालं की तुम्ही पैसे मोजून टाकलेला मॅप (इंधनाचं सेटिंग) पुसला जातो आणि त्या जागी कंपनीचा येतो. हार्नेसची (मूळ वायरिंगची) वायर कापून जोड दिलेला असेल तर इलेक्ट्रिकल वॉरंटीवर वाद होतो, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं.

एलिमिनेटर की फ्लॅश

पहिल्या जातीच्या, म्हणजे आपणच तयार केलेल्या कोडवर कायमचे उपाय तीन. त्यातला सगळ्यात चांगला लोक सगळ्यात शेवटी करतात: सेन्सर परत लावणं. बऱ्याच फुल सिस्टीमच्या बेंड पाईपवर सेन्सरसाठी जागा दिलेलीच असते. १२ किंवा १८ मिलिमीटरचे आटे जुळतात का ते विकत घेण्याआधी विचारा. नसेल तर चांगला वेल्डर ती जागा करून देतो.

दुसरा एलिमिनेटर. तो ईसीयूला खोटा सिग्नल देऊन गप्प बसवतो. दिवा जातो, मिश्रण मात्र सुधारत नाही. मोकळ्या एक्झॉस्टसोबत कंपनीचाच मॅप ठेवला तर इंजिन लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालू शकतं, जास्त तापतं, आणि ४५ अंशांच्या नागपुरी उन्हात ते पाय भाजण्याइतकं जाणवतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मोटरसाठी एलिमिनेटर ठीक, कारण तिथे मिश्रणाचा प्रश्न नसतो. ऑक्सिजन सेन्सरसाठी मला तो पटत नाही.

तिसरा फ्लॅश. खर्च जास्त, पण यात इंधनाचा हिशेब नव्यानं बसवता येतो. ट्यूनरला दोन गोष्टी आधीच सांगा: मूळ फाईलची प्रत मला हवी, आणि फक्त काढलेल्या वस्तूचाच कोड बंद कर. काही जण एकदाच सगळे कोड बंद करून देतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. ती गाडी तापमानाचा सेन्सर मेला तरी काही सांगणार नाही. कायम पेटलेल्या दिव्यापेक्षा हे वाईट.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कोड पुसल्यानं यातलं काहीच बदलत नाही. डीबी किलर (सायलेन्सरमधला आवाज कमी करणारा भाग) काढून फुटाळा तलावावर फिरणाऱ्यानं हे धरून चालावं.

मग कुणी काय घ्यावं?

बीएस६ गाडी, सायलेन्सर-फिल्टर एवढेच बदल: डोंगल आणि केबल, डोळे मिटून. त्याआधीची जपानी गाडी: मॅन्युअल आणि तिचा स्वतःचा मोड. एबीएसचा दिवा किंवा वॉरंटी: सर्व्हिस सेंटर. फुल सिस्टीम लावून सेन्सर काढलेला: आधी सेन्सर परत लावायचा प्रयत्न, तो फसला तर फ्लॅश. आणि बिघाड दुरुस्त झाला असेल तर काहीच न करणं हाही मार्ग आहे. ओबीडी (बिघाड स्वतः ओळखणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत तीनएक व्यवस्थित राईडनंतर दिवा सहसा आपोआप विझतो, कोडची नोंद पुढे काही दिवस राहते.

मॉडिफाय गाडी सेकंडहँड घेणार असाल तर डोंगल सोबत न्या. दिवा बंद दिसतो म्हणजे गाडी निरोगी, असं नाही. विकणाऱ्यानं सकाळीच कोड पुसला असू शकतो. काही गाड्या शेवटचा कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले ते दाखवतात. तो आकडा दहा-वीस असेल तर मालकाला सरळ कारण विचारा. चावी फिरवल्यावर इंजिनाचा दिवा क्षणभर पेटून मग विझतो का, तेही बघा. पेटतच नसेल तर बल्बच काढून टाकलेला असू शकतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरीच्या खालच्या वस्त्यांमध्ये कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या. त्या भागातली गाडी असेल तर सीटखालचे कपलर उघडून आत हिरवा गंज आहे का ते बघा, आणि मगच किमतीचं बोला.