स्टेनो वही: २११ वह्या भरल्यानंतरचा अभिप्राय

परवा माझी २११वी स्टेनो वही भरली. सार्वजनिक सेवेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची खाजगी सचिव म्हणून काम करते त्याला चोवीस वर्षं झाली, आणि साधारण सहा आठवड्यांना एक अशा हिशेबाने वह्या संपत गेल्या. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या मुलीने मध्यंतरी विचारलं, "ताई, टॅब दिलाय ना आपल्याला, मग तुम्ही अजून वही का घेऊन जाता?" तेव्हा आतून बेल वाजली आणि उत्तर अर्धंच राहिलं. ते पूर्ण करावं म्हणून हा अभिप्राय. एका विशिष्ट कंपनीच्या वहीबद्दल हा नाही. मी सात-आठ तरी प्रकारच्या वापरल्या असतील. चांगली स्टेनो वही कशी असते आणि या कामात तिचा काय उपयोग होतो, ते सांगते.

ओळख थोडक्यात: रुंदी सहा इंच, उंची नऊ इंच, वरच्या कडेला स्पायरल, ऐंशी पानं, पानाच्या मधोमध एक उभी रेघ आणि मागे जाड पुठ्ठा.

पहिल्यांदा पुठ्ठा बघा. आमचं डिक्टेशन टेबलावर बसून होतं असा लोकांचा समज असतो. माझ्या एका मॅडमना चालताना सुचायचं. बैठकीच्या खोलीपासून गाडीपर्यंत जाताना त्या तीन पत्रं सांगायच्या, दोन फोन कुणाला लावायचे ते सांगायच्या आणि एका फाइलवर काय शेरा मारायचा तेही. डाव्या तळहातावर वही, उजव्या हातात पेन्सिल, आणि पाय त्यांच्या पायांबरोबर. पुठ्ठा लेचापेचा असेल तर वही मधोमध वाकते आणि रेघ हलते. विकत घेताना वही एका कोपऱ्यात धरून आडवी करा. स्वतःच्या वजनाने ती वाकली तर परत ठेवून द्या.

आता रेघा. मी पिटमन पद्धतीने लघुलेखन करते, म्हणजे बोललेलं खुणांच्या लिपीत झटपट टिपून घेते. आयझॅक पिटमन यांनी ही पद्धत १८३७ साली प्रसिद्ध केली, आणि १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत पत्र जाऊ लागल्यावर टपालाने तिचे धडे द्यायला सुरुवात केली. या पद्धतीत व्यंजनाची खूण रेघेच्या वर आहे, रेघेवर टेकलेली आहे की रेघेला छेदून गेली आहे, यावरून आतला स्वर ओळखायचा असतो. वेगात लिहिताना आपण स्वर लिहीतच नाही, जागाच स्वर सांगते. त्यामुळे छापील रेघ पुसट असेल तर लिहिलेलं अर्धं मुकं होतं. काही वह्यांमध्ये हौसेने फिकट राखाडी रेघा छापतात. सादरीकरणासाठी दिवे मंद केले की त्या दिसतच नाहीत. निळी किंवा हिरवी, स्पष्ट पण बारीक रेघ हवी. ग्रेग ही लघुलेखनाची दुसरी पद्धत, १८८८ची. त्या पद्धतीने लिहिणाऱ्यांचं रेघेवाचून इतकं अडत नाही, कारण तिथे खुणेची लांबी महत्त्वाची, रेघेच्या वर-खाली असण्याला अर्थ नाही.

कागदाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी एक मोठी चूक कागदामुळे झाली. पिटमनमध्ये प बारीक, तीच खूण दाबून काढली की ब. त बारीक, द ठळक. क बारीक, ग ठळक. म्हणजे सगळा भेद बोटाच्या दाबात. एकदा वह्यांचा जो गठ्ठा आला, त्याचा कागद गुळगुळीत आणि पातळ होता. पेन्सिल त्यावर घसरायची. दाब दिला तरी खूण ठळक व्हायची नाही, आणि मागच्या बाजूचं पुढे दिसायचं. एका समितीवर कोरे आणि गोरे असे दोघे सदस्य होते. साहेबांनी कोऱ्यांना भेटीसाठी बोलवायला सांगितलं, आणि दोन तासांनी वही उघडून मी वाचलं ते गोरे. संदर्भावरून शब्द सावरता येतो, आडनाव नाही सावरता येत. गोरे वेळेवर आले, दाराशी उभे राहिले, आणि साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ते एक अक्षर बोलले नाहीत, गोऱ्यांना आत बसवून पंधरा मिनिटं दुसऱ्या विषयावर चर्चा केली. संध्याकाळी मी माफी मागितली. पण ज्या माणसाला उगीच यावं लागलं त्याचा तो दिवस मी परत देऊ शकत नव्हते. तेव्हापासून आडनाव आलं की मी खुणेच्या शेजारी पहिलं अक्षर साध्या लिपीत लिहिते, आणि वही घेताना आतल्या पानावर एक बारीक आणि एक ठळक रेघ ओढून बघते. दोन्हींत फरक लगेच दिसला पाहिजे. कागदाला किंचित खरखर हवी. पेन्सिल टू-बी. एचबी कडक पडते आणि जेल पेन ठळक-बारीक सगळं एकसारखं करून टाकतं.

पातळ कागदाचा त्रास दुप्पट का होतो, तर आम्ही वही आधी सगळी एका बाजूने भरतो, मग उलटी करून दुसऱ्या बाजूने. म्हणून स्पायरल वरच्या कडेला. बाजूला असती तर दर दुसऱ्या पानावर हात तारेवर चढला असता. माझ्या हाताने एका पानावर साधारण दोनशे शब्द बसतात. शंभराच्या वेगाने कुणी बोलत असेल तर दोन मिनिटांना पान उलटायचं. डाव्या हाताच्या अंगठ्याने पानाचा खालचा कोपरा लिहिता लिहिताच थोडा वर उचलून ठेवायचा, शेवटची ओळ आली की पान आपसूक वर जातं. यात तार अडली की वाक्य गेलं. दुहेरी तारेची वही दिसायला छान, पण दडपली गेली की दाते एकमेकांत घुसतात. साधी, एकेरी, गोल फिरणारी तार बरी. तिचा आणखी एक फायदा आहे, तो पुढे सांगते. भरलेल्या पानांना रबर लावून ठेवायची सवय माझ्या पहिल्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी लावली. बेल वाजली की वही कोऱ्या पानावरच उघडते.

मधली उभी रेघ मुळात हाताचा प्रवास वाचवण्यासाठी. पानाच्या पूर्ण रुंदीभर हात नेण्याऐवजी आधी डावा स्तंभ वरपासून खालपर्यंत, मग उजवा. डिक्टेशनला मी तशीच वापरते. बैठकीत मात्र माझी पद्धत वेगळी. डावीकडे कोण काय म्हणालं. उजवीकडे फक्त कुणी, काय, केव्हापर्यंत करायचं कबूल केलं. माझ्या मते या वहीतली सगळ्यात मोलाची जागा हीच. वरिष्ठांचा दिवस तुकड्यांचा असतो. सकाळी अर्थसंकल्प, मग शिष्टमंडळ, मग चौकशी अहवाल, मध्येच वरून फोन. "बघतो", "कळवतो", "पुढच्या आठवड्यात देतो" असे शब्द त्या तुकड्यांमध्ये सांडत जातात. सांडलेले शब्द वेचणारं दुसरं कुणी नसतं, ते काम आपलं. संध्याकाळी निघण्याआधी मी फक्त उजवे स्तंभ वाचते. पूर्ण झालेल्या नोंदीवर आडवी रेघ, इतिवृत्त मंजूर झालं की आख्ख्या पानावर तिरकी रेघ. साहेबांनी "त्याचं काय झालं हो?" असं विचारायच्या आत उत्तर हातात असतं, ते या स्तंभामुळे.

आता टॅबचं. मी सहा महिने प्रामाणिकपणे वापरला. शोधता येतं, हरवत नाही, प्रवासात कागद न्यावे लागत नाहीत. भेटींचं वेळापत्रक आणि फाइलींची आवक-जावक मी संगणकावरच ठेवते, तिथे वहीचं काम नाही. पण समोर माणूस बोलत असताना पडद्याकडे बघावं लागतं, आणि आपण टिपतोय की दुसरं काही करतोय हे त्याला कळत नाही. वहीत मी न बघता लिहिते, डोळे बोलणाऱ्याकडे.

रेकॉर्डरचंही बघितलं. इतिवृत्ताचा शब्द न् शब्द हवा असेल तर रेकॉर्डर लावाच, मी विरोध करणार नाही. पण टेबलावर तो ठेवला की माणसं त्याच्याशी बोलायला लागतात. वाक्यं सरळ होतात, अडचण कुणी सांगत नाही.

इथे मला एक प्रसंग सांगायचा आहे. बंद दाराआडची बैठक होती, चारच जण. एक कनिष्ठ अधिकारी आपल्या विभागात काय चुकलंय ते सांगत होते. बोलता बोलता थांबले. मॅडमनी माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हटलं, "हे लिहू नका." मी पेन्सिल उचलली, वहीवर आडवी ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. त्या अधिकाऱ्यांनी पेन्सिलीकडे बघितलं आणि मग सगळं सांगितलं. पुढची वीस मिनिटं पेन्सिल तिथेच होती. नंतर मॅडम म्हणाल्या, "आता लिहा," आणि जे निर्णय नोंदवायचे ते त्यांनी स्वतः, त्या अधिकाऱ्यांच्या देखत, एकेक करून सांगितले. आडवी ठेवलेली पेन्सिल सगळ्यांना दिसते. रेकॉर्डर बंद केला यावर विश्वास ठेवावा लागतो. त्या नवीन मुलीला द्यायचं राहिलेलं अर्धं उत्तर हे.

याचा अर्थ निर्णय लपवायला वही वापरायची असा कुणी घेऊ नये. जो निर्णय झाला, तो नोंदलाच पाहिजे, फाइलवर आलाच पाहिजे. वही म्हणजे फाइल नव्हे.

दोष आहेत, आणि मोठे आहेत. पहिला म्हणजे माझं लघुलेखन मीच वाचू जाणे. मागे मी आजारपणात बारा दिवस घरी होते, तेव्हा माझ्या सहकाऱ्याला वहीतलं काही उमगलं नाही. सॅम्युअल पेपिस हे पुढे इंग्लंडच्या नौदल खात्याचे सचिव झालेले गृहस्थ. त्यांनी १६६० ते १६६९ अशी रोजनिशी लघुलिपीत लिहिली. ती उलगडायला जॉन स्मिथ नावाच्या माणसाला १८१९ ते १८२२ अशी तीन वर्षं लागली, आणि त्या लिपीची किल्ली असलेलं पुस्तक पेपिस यांच्याच ग्रंथसंग्रहात होतं. खाजगी रोजनिशीचं असं झालं तर चालेल, कार्यालयाच्या कामाचं होऊन चालणार नाही. म्हणून आता बैठकीच्या पानांवर उजवा स्तंभ मी साध्या लिपीत लिहिते, लघुलिपी फक्त डावीकडे. रजेवर जायची वेळ आली तर कुणीही वही उघडून काम पुढे नेऊ शकतं.

त्यातूनच दुसरा दोष निघतो: उजवा स्तंभ कुणालाही वाचता येतो. वही टेबलावर सोडून उठायचं नाही. पाणी प्यायला गेले तरी ती काखेत असते. संपलेल्या वह्या कुलपात, आणि नोंदी जपून ठेवण्याची मुदत संपली की रीतसर मंजुरी घेऊन यंत्रात बारीक पट्ट्या करायला. तार त्या यंत्रात घालता येत नाही. एकेरी तार टोकाला धरून फिरवली की अर्ध्या मिनिटात निघून येते, दुहेरीला पक्कड घ्यावी लागते. मघाशी म्हटलेला फायदा तो हा.

शोधता येत नाही, हा तिसरा. त्यावर माझ्याकडे पूर्ण उपाय नाही. मुखपृष्ठावर वहीचा क्रमांक, सुरू झाल्याची तारीख आणि संपल्याची तारीख लिहिते. प्रत्येक दिवसाची सुरुवात नव्या पानावर, वर तारीख. तरीही तीन वर्षांपूर्वीचं एखादं वाक्य शोधायला कधी कधी अख्खी दुपार जाते.

कुणासाठी योग्य, तर ज्यांना लघुलेखन येत नाही त्यांनीही घ्यावी. मधली रेघ आणि पुठ्ठा एवढ्यासाठीच ती पुरेशी आहे. डावीकडे आपल्या नेहमीच्या अक्षरात मुद्दे लिहा. ज्यांचे वरिष्ठ दूर असतात आणि सगळं दृक्‌श्राव्य बैठकांमधून चालतं, त्यांना टॅब सोयीचा पडेल.

त्या मुलीला मी एक कोरी वही दिली आहे. पहिल्या दिवशी तिने दोन्ही स्तंभ भरून काढले. काल बघितलं तर उजवीकडे तीनच ओळी होत्या, तिन्हींपुढे नाव आणि तारीख.

वही बदलताना राहिलेल्या नोंदी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवायच्या, हा माझा शेवटचा नेम. २१२व्या वहीत अशा अकरा नोंदी आल्या आहेत. सगळ्यात जुनी २०९व्या वहीपासून सरकत आलेली आहे, तिचं उत्तर अजून यायचंय. उद्या सकाळी पहिला फोन तिथेच लावायचा आहे.