राजमाचीच्या केबिनचे बुकिंग आणि माझे 49,620 रुपये

शनिवार, 10 जानेवारी 2026 रोजी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटे ते पावणेआठ या दीड तासात मी स्वतःच्या हाताने 49,620 रुपये एका भामट्याच्या स्वाधीन केले. हे लिहिताना आजही लाज वाटते, कारण मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात गेली 19 वर्षे काम करते आणि दुसऱ्यांची बिले तपासणे हेच माझे रोजचे काम आहे. तरीही लिहिते आहे, कारण पुढच्या प्रत्येक जोडून येणाऱ्या सुट्टीला मुंबईतली शेकडो कुटुंबे अशाच जाहिराती पाहून अशाच क्रमांकांवर फोन करणार आहेत.

24 ते 26 जानेवारी अशी सलग सुट्टी होती. आम्ही चौघे, नणंदेचे तिघांचे कुटुंब आणि धाकटे दीर-जाऊ अशा नऊ जणांचे लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्यावर जायचे ठरले. राजमाची मला अनोळखी नाही. कॉलेजात असताना कर्जतला उतरून कोंदिवड्यावरून, वाटेतली कोंढाणे लेणी पाहत मी तो चढ चढले आहे आणि गडाखालच्या उधेवाडीत एका घरी पिठले-भाकरी खाऊन ओसरीवर झोपले आहे. पण नणंदेचे गुडघे दुखतात, तिला जमिनीवर झोपणे जमत नाही, म्हणून या वेळी पलंग आणि जोडून शौचालय असलेली जागा मी शोधत होते. त्या शोधातच फोनवर ती जाहिरात दिसली: डोंगरमाथ्यावर लाकडी केबिन, बाजूला तंबू, रात्री शेकोटी आणि पहाटे वाटाड्यासोबत श्रीवर्धन व मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले.

लोक म्हणतात, स्वस्ताच्या मोहाने माणूस फसतो. माझ्या बाबतीत ते खरे नाही. एका केबिनला एका रात्रीचे 3,500 रुपये, म्हणजे तीन केबिन आणि दोन रात्रींचे 21,000, हा दर आजूबाजूच्या ठिकाणांइतकाच होता. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत, ‘ताई’ म्हणत, घाई न करता बोलत होता. जेवणात कोणी उपवासाचे आहे का, हेही त्याने विचारले. अशा माणसावर विश्वास ठेवणे हा गुन्हा आहे, असे मला अजूनही वाटत नाही.

पुढचा प्रकार वाचकांना ओळखीचा असेल. आधी निम्मा अ‍ॅडव्हान्स म्हणून 10,500. मग परत मिळणारे डिपॉझिट, केबिनमागे 2,000 प्रमाणे 6,000. मग जीएसटीचे 3,780. त्यानंतर त्याने सांगितले की डिपॉझिट आणि कर वेगवेगळे भरल्यामुळे नोंद अडकली आहे, दोन्ही मिळून 9,780 एकरकमी भरा, आधीचे आपोआप परत येतील. ते भरल्यावर दोन्ही नोंदी अडकल्या असून त्यांची बेरीज 19,560 होते, तेवढीच रक्कम पाठवली की पंधरा मिनिटांत सगळे खात्यात जमा होईल, असे तो म्हणाला. मी तेही पाठवले. शेवटच्या दोन वेळी मी केबिनसाठी पैसे भरतच नव्हते, आधी गेलेले पैसे सोडवण्यासाठी भरत होते, आणि या लोकांचा सगळा धंदा माणसाच्या त्याच धडपडीवर चालतो. परतावा मिळवण्यासाठी आपल्याला कधीही पैसे पाठवावे लागत नाहीत आणि पैसे खात्यात येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. एवढे एक वाक्य त्या वेळी कोणी माझ्या कानात ओरडून सांगितले असते, तरी निदान 29,340 रुपये वाचले असते.

मी थांबायला हवे होते ती वेळ मला मिनिटासकट आठवते. सहा वाजून पस्तीस मिनिटे. संक्रांत चार दिवसांवर होती आणि कढईत तीळ भाजत होते. एका हातात उलथणे आणि दुसऱ्या हातात फोन असताना त्याने पाठवलेले जीएसटीचे बिल आले. मी ते पाहिले. त्यावरचा नोंदणी क्रमांक 08 ने सुरू होत होता. या पंधरा अक्षरी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27 आणि राजस्थानचे 08. हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल, कारण दिवसाला चाळीस-पन्नास बिलांवर मी तेच दोन आकडे पाहते. कर 18 टक्के लावला होता, आणि 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्केच कर आहे, म्हणजे 21,000 वर 1,050 व्हायला हवे होते. पैसे पाठवताना पडद्यावर कुठल्याही केबिनचे नव्हे, तर एका व्यक्तीचे नाव येत होते. ‘आमचे अकाउंटंट आहेत,’ असे तो म्हणाला. हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते. पण तो फोनवर सांगत होता की दुसरा ग्रुप त्याच केबिनसाठी थांबला आहे, नणंदेने तिच्या वाट्याचे 7,000 दुपारीच माझ्या हातात दिले होते, आणि जागा गेली तर घरात सगळ्यांना काय सांगू, एवढेच माझ्या मनात होते. मी पिन टाकला. तीळ करपले.

माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने तर सकाळीच जाहिरातीतल्या छायाचित्रात केबिनच्या खिडकीबाहेरची झाडे पाहून विचारले होते की ही नाताळच्या झाडासारखी का दिसतात. सह्याद्रीत राजमाचीला ऐन, हिरडा, जांभूळ, अंजन दिसतात. देवदार दिसत नाहीत. मी त्याला गप्प बसवले. असे छायाचित्र आले की तेच इंटरनेटच्या शोधात टाकून ते आणखी कुठे आहे ते पाहा. मी रात्री पाहिले तेव्हा तेच केबिन हिमाचलमधल्या जागेच्या नावाने तीन ठिकाणी होते.

त्या भामट्याने आणखी 25,000 मागितले तेव्हा नवऱ्याने फोन हातातून काढून घेतला. ट्रेकला जाणाऱ्या एका मित्राकडून उधेवाडीतल्या एका घराचा क्रमांक मिळाला. तिथले काका म्हणाले, “बाई, या नावाचं इथं काहीच नाही. तुमच्याआधी दोघांनी हेच विचारलंय.” हा फोन बुकिंगच्या आधी करायला हवा होता. गावात पाहुण्यांची सोय करणारी खरी घरे आहेत, ती पोहोचल्यावर पैसे घेतात. निदान समोरच्याला व्हिडिओ कॉलवर मागे श्रीवर्धन दाखवायला सांगा.

त्याच रात्री सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक मिळाला. ही नोंद पहिल्या तासातच करा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायला तेवढाही वेळ लागत नाही. त्यानंतर जे सुरू झाले, त्याचा राग अजून शमत नाही. पोलीस ठाण्यात रात्री दहाला गेलो, तर बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा आणा, असे सांगण्यात आले. दुसरा शनिवार होता, पुढे रविवार. सोमवारपर्यंत शिक्का कुठून आणायचा? सोमवारी उतारा नेला, तर दुसऱ्या अधिकाऱ्यांनी सांगितले की जागा राजमाचीची आहे, लोणावळ्याकडे जा. मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून, मुंबईतल्या खात्यातून पैसे पाठवले आणि गुन्हा लोणावळ्यात कसा घडला? हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कायद्याच्या कलम 173 मध्ये ते स्पष्ट लिहिले आहे. तो कागद मी छापून नेला. तेव्हा मला विचारण्यात आले, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या ना? मग पैसे पाठवलेच कशाला?” चौथ्या फेरीत, 16 जानेवारीला, एफआयआर नोंदला गेला. तोपर्यंत सहा दिवस गेले होते.

बँकेत वेगळाच अनुभव आला. संमतीविना झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाला संरक्षण देणारे रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक मी पुढे ठेवले. पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे ते तुम्हाला लागू नाही, असे उत्तर मिळाले. ते नियमात बसतही असेल. पण ज्या खात्यात पैसे गेले, ते खाते उघडताना कोणीतरी कागदपत्रे तपासलीच असतील, त्याला जबाबदार कोण, याचे उत्तर द्यायला त्या टेबलावर कोणी तयार नव्हते. लेखी तक्रार दिली आहे, तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे. तुम्हीही बँकेशी तोंडी बोलू नका, पोच घ्या.

आतापर्यंत त्या खात्यात 3,140 रुपये गोठवले गेल्याचे कळले आहे. नणंदेचे 7,000 मी माझ्या आवर्ती ठेवीतून परत केले. ती घेत नव्हती, पण मी तिच्या पर्समध्ये ठेवले.

ती जाहिरात दाखवणाऱ्यांकडे मी तिची चार वेळा तक्रार केली, नियमभंग आढळला नाही, असे ठरावीक उत्तर आले. काल रात्री ती पुन्हा दिसली. नाव बदलले आहे, राजमाचीऐवजी भंडारदरा लिहिले आहे, दर 3,800 केला आहे. केबिन तेच आहे आणि खिडकीबाहेर देवदारच आहेत.