डीएनए अहवाल खरा होता, बेणं नव्हतं

सफेद मुसळी या औषधी वनस्पतीच्या बेण्यात माझे नव्वद हजार रुपये गेले. ज्या कागदावर विसंबून ते घेतलं तो कागद खोटा नव्हता, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. खोटा असता तर कुणीतरी वेळेत सावध केलं असतं.

आमची शेती सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-अंजनगावच्या पट्ट्यात. इथे पानपिंपळी पिढ्यांपासून आहे आणि मुसळीही आता नवी राहिलेली नाही. मुसळीत निम्मा जीव बेण्यात अडकलेला असतो. बी नीट उगवत नाही, त्यामुळे मागच्या वर्षीच्या झुबक्यातून डोळ्यासह एकेक मुळी सोडवून तीच लावावी लागते. पावसाच्या तोंडावर गादीवाफ्यावर लावली की दिवाळीच्या सुमारास पानं वाळतात. मुळ्या मात्र जमिनीतच पिकू द्यायच्या आणि जानेवारी-फेब्रुवारीनंतर खोदायच्या. साल काढून वाळवल्यावर पाच किलो ओल्या मुळ्यांची जेमतेम किलोभर सुकी मुसळी हाती लागते. बेणं हलकं निघालं की अख्खं वर्ष गेलं, आणि ते हलकं आहे हे कळायलाही वर्षच लागतं.

एप्रिलमध्ये एका कंपनीचा माणूस घरी आला. सुधारित, नोंदणीकृत वाण, जाड मुळ्या, एकसारखं पीक, असं त्याचं सांगणं. गावातलं बेणं त्याच्या निम्म्या भावात मिळत होतं. पण त्याने फाइलमधून एका प्रयोगशाळेचा डीएनए अहवाल काढला. त्यावर शिक्का, सही, नमुना क्रमांक आणि काळ्या पट्टीवर पांढऱ्या रेघांचा फोटो. मी बीएस्सी झालेली, मला ते पाहूनच विश्वास वाटला. मामाजींनी पोत्यात हात घालून मूठभर मुळ्या बाहेर काढल्या, उलटसुलट केल्या आणि म्हणाले, "बेनं पाह्य बेटा, कागद काय पाह्यतं? हे एका वावरातलं नाही." मी त्यांना सांगितलं, डोळे फसतात, डीएनए फसत नाही. ते पुढे काही बोलले नाहीत. ते वाक्य मला अजून टोचतं.

अर्ध्या एकरासाठी दोन क्विंटल घेतलं. पावतीवर लिहिलं होतं, "वनौषधी कंद, २०० किलो". वाणाचं नाव नव्हतं. तेही मी पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये वाफे पाहताना पोटात गोळा आला. काही झाडांची पानं रुंद, काहींची अरुंद. काहींना तुरे येऊन गेलेले, काहींना अजून पत्ताच नाही. मुळीपासून लावलेलं एका वाणाचं पीक असं दिसत नाही. फेब्रुवारीत खोदलं तेव्हा एका झुबक्याला दहा मुळ्या, तर शेजारच्याला तीन, त्याही करंगळीपेक्षा बारीक. सोलायला आलेल्या बायाच म्हणाल्या की हे जंगलातून गोळा केलेलं दिसतं.

तो अहवाल घेऊन मी कृषी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकांकडे गेले. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "ताई, हा अहवाल बरोबर आहे. ही क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनमच आहे, म्हणजे खरी सफेद मुसळी. पण वाणाबद्दल यात एक अक्षरही नाही." (मुंबईच्या बोरिवलीवरून या वनस्पतीचं नाव पडलं, हेही मला तिथेच कळलं.)

मग त्यांनी समजावलं ते असं. विक्रेत्याने करून घेतलेली चाचणी डीएनए बारकोडची होती. त्यात डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचतात आणि जाणलेल्या वनस्पतींशी ताडून पाहतात. मुसळीच्या नावाखाली क्लोरोफायटम ट्यूबरोजम ही तिच्या जवळची दुसरी वनस्पती मिसळली आहे का, हे त्यातून कळू शकतं. (तिच्या मुळ्या दोऱ्यासारख्या देठाला लोंबतात, म्हणून ती उपटल्यावर डोळ्यांनीही ओळखता येते.) पण एकाच जातीतले, म्हणजे एकाच वनस्पतीचे, दोन वाण त्या तुकड्यात बहुधा सारखेच निघतात. गाव कळतं, घर कळत नाही.

घर शोधायला वेगळे मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ओळखखुणा, लागतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, सीए-सीए-सीए असा. तो किती वेळा येतो ते वाणागणिक बदलतं. अशा अनेक जागा एकदम तपासल्या की रेघांची एक नक्षी मिळते. याला एसएसआर म्हणतात, आणि आयएसएसआर ही त्याच्या जवळची पद्धत. पण नुसत्या नक्षीलाही अर्थ नसतो. ती मूळ वाणाच्या खात्रीच्या नमुन्याशेजारी ठेवून जुळवावी लागते. माझ्या अहवालात तुलनेचा नमुनाच नव्हता. शिवाय तळाला बारीक अक्षरांत होतं, "नमुना ग्राहकाने पुरवलेला, निष्कर्ष त्या नमुन्यापुरता". ग्राहक म्हणजे मी नव्हे, ती कंपनी. तपासलेली मुळी कुठली आणि माझ्या पोत्यातल्या कुठल्या, यांचा संबंध जोडणारं काहीच नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात प्राध्यापिकाबाईंनी माझ्या वावरातल्या त्याच बेण्याच्या बारा झाडांची कोवळी पानं घेतली. मुळीत चिकट द्रव्य फार, त्यातून स्वच्छ डीएनए काढणं जड जातं, म्हणून पानं. मुळीपासून वाढवलेल्या वाणाची बाराही झाडं एकसारखी दिसायला हवी होती. बारा झाडांत सात वेगवेगळ्या नक्ष्या निघाल्या.

तक्रारीला गेले तर पहिला प्रश्न, पावतीवर वाण कुठे आहे? २००१ च्या पिकांचे वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्यात नोंदणीकृत वाणाने सांगितल्याप्रमाणे पीक दिलं नाही तर भरपाई मागता येते. पण त्यासाठी वाण कोणता ते तर सिद्ध व्हायला हवं. नोंदणी क्रमांक मी मागितलाच नव्हता. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केलं, त्या आधारावर ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते, थांबून राहू नका. आणि पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवून पंचनामा करून घ्या. मी खोदून झाल्यावर गेले, तोवर दाखवायला फक्त फोटो उरले होते.

आता कोणी मुसळी, अश्वगंधा, शतावरी, कशाचंही डीएनए केलेलं बेणं दाखवलं तर मी आधी विचारते, चाचणी जातीची की वाणाची? तुलनेला कोणता नमुना होता, तो कुठून आणला? पोत्यांतून मुळ्या मीच निवडेन, तुमच्यासमोर सील करू, चालेल? थोड्या मुळ्या आधी आणून ओल्या वाळूत अंकुरवायच्या आणि बाकीचे पैसे पानाची चाचणी आल्यावर द्यायचे, हेही आता ठरवलं आहे. खरा विक्रेता याला नाही म्हणत नाही. लखनौची सीमॅप ही औषधी वनस्पतींची सरकारी संशोधन संस्था किंवा आणंदजवळच्या बोरियावीचं औषधी वनस्पती संशोधन संचालनालय अशा ठिकाणाहून वाणाची माहिती मागवता येते, ती आधी मागवा.

यंदा मामाजींनी निवडलेलं गावातलं बेणं लावलं. मागच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका ओळखीच्या बाईंनी मला एका अहवालाचा फोटो पाठवून विचारलं, घेऊ का? तारीख तीच होती, नमुना क्रमांकही तोच.