भायखळा की फोर्ट? ठाण्याहून एक रविवार, दोन संग्रहालयं

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत कुणी ना कुणी विचारतंच, "मुलांना म्युझियम दाखवायचंय, कुठलं दाखवू?" यंदा चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं. त्यांची मुलगी बारावीनंतर आर्किटेक्चरला जायचं म्हणतेय, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि भावजींना रविवारशिवाय सुट्टी नाही. म्हणजे फेरी एकच. त्यांना जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

नावं दोनच. भायखळ्याला राणीबागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, आणि फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ज्याला जुनी माणसं अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात. आत मांडलेल्या वस्तूंचीच तुलना करायची तर प्रश्न दोन मिनिटांत सुटतो: फोर्टचा संग्रह कितीतरी मोठा आहे. पण मी बोलतेय त्या वस्तू ज्या इमारतीत ठेवल्यात त्या इमारतीबद्दल. संग्रहालयाची इमारत हीच तिथली पहिली वस्तू असते, आणि घाईत तीच बघायची राहून जाते.

आधी भायखळा. लंडनला १८५१ मध्ये यंत्रांचं आणि कारागिरीचं जगभरातलं प्रदर्शन भरलं. तेव्हापासून आपल्या मुलखात काय पिकतं, काय बनतं ते एका छताखाली मांडायची लाटच आली. मुंबईतही असा संग्रह फोर्टातल्या लष्करी बराकीत सुरू झाला. १८५७ च्या उठावात बराकी सैन्याला हव्या झाल्या आणि वस्तूंवर बिऱ्हाड हलवायची वेळ आली. मग ब्रिटिश डॉक्टर जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेठ आणि डॉ. भाऊ दाजी यांनी स्वतंत्र इमारतीसाठी वर्गणी उभारली. १८६२ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या हस्ते पायाभरणी झाली आणि दारं उघडली ती १८७२ च्या मे महिन्यात. दहा वर्षं! मधल्या काळात, १८६५ मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, त्या युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतले मोठमोठे धनिक धुळीला मिळाले. नानाही त्याच वर्षी गेले, त्यांना पुरी झालेली इमारत बघायला मिळाली नाही. आपण ठाणेकरांनी हे लक्षात ठेवायला हवं, कारण १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्या रेल्वे कंपनीच्या संचालकांतही हेच नाना होते. ठाण्याहून लोकलने भायखळ्याला उतरतो तेव्हा आपण त्यांच्याच रुळांवरून त्यांच्याच संग्रहालयात जात असतो.

बाहेरून ही इमारत शांत आहे. इटलीतला जुना वास्तुकार पल्लाडिओ, त्याच्या वळणाचा दर्शनी भाग, दोन्ही बाजू सारख्या, कुठे आरडाओरडा नाही. आत पाऊल टाकलं की मात्र मान आपोआप वर जाते. एकच लांबलचक दालन, चहूबाजूंनी वरच्या मजल्याचा सज्जा, आणि तो सज्जा पेललाय बारीक, नक्षीदार, बिडाच्या खांबांनी. आपल्या आंबोळीच्या तव्याचं असतं तेच बीड. हाच भार दगडी खांबांवर घ्यायचा म्हटलं तर ते इतके जाड झाले असते की निम्मं दालन त्यांनीच अडवलं असतं. बिडामुळे खांब सडपातळ राहिले, मधली जागा मोकळी राहिली आणि दारात उभं राहून सगळी इमारत एका नजरेत मावते. शिवाय बीड साच्यात ओततात, म्हणून पानं-वेली एकदा साच्यात कोरल्या की प्रत्येक खांबावर तशाच उमटतात. कारखान्याच्या युगाने स्वतःचंच प्रदर्शन मांडलंय असं मला तिथे दर वेळी वाटतं. पायाखाली मिंटन या इंग्लिश कंपनीच्या रंगीत फरशा, डोक्यावर रंगवलेलं छत, सोन्याचा वर्ख, समोर व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याचा, अल्बर्टचा, संगमरवरी पुतळा.

हे सगळं मध्यंतरी पार रया गेलेल्या अवस्थेत होतं. महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन २००३ मध्ये एकत्र आले, वास्तू-संवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झालं, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. काहींना आतला हिरवा रंग आणि वर्ख भडक वाटतो. मला नाही वाटत. ती इमारत तिच्या काळात तशीच मिरवत होती. पांढरा चुना फासून तिला सात्त्विक करणं हीच खोटी दुरुस्ती ठरली असती.

आता फोर्ट. मधे तीसेक वर्षं गेली आणि इंग्रजांची बांधायची बुद्धीच पालटली होती. इथल्या इमारतीला इथलं रूप हवं, हा विचार जोर धरून होता. १९०५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सने (पुढचा पाचवा जॉर्ज) पायाभरणी केली. १९०९ मध्ये खुल्या स्पर्धेतून जॉर्ज विटेटचा आराखडा निवडला गेला. गेटवे ऑफ इंडियाही पुढे त्याच्याच हातून झाला. १९१४ मध्ये इमारत उभी राहिली आणि महायुद्ध लागलं, त्यामुळे मूर्तींआधी तिथे जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. लोकांसाठी दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ ला.

विटेटने कुर्ल्याचा निळसर काळा आणि मालाडचा पिवळसर दगड घेतला. म्हणजे मुंबईच्या टेकड्यांचंच अंग. वर मोठा पांढरा घुमट, भोवती छोट्या घुमट्या, भिंतींतून पुढे आलेले राजस्थानी धाटणीचे झरोके. घुमटाखालच्या दालनात मधोमध उभं राहून वर बघा. घुमटाला आधार देणाऱ्या एकमेकींत गुंतलेल्या कमानी विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर आहेत. चौकोनी दालनावर गोल घुमट कसा बसवायचा, हे कोडं त्या कमानी सोडवतात. वहिनींच्या मुलीला मी हेच बघायला सांगितलं: भार कुठून कुठे उतरतो ते बोटाने हवेत गिरवत जा. मग खाली ये आणि लाकडी खांब, कठडे बघ. ते नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणून बसवलेत. गोलघुमटाच्या कमानींखाली मराठी वाड्याचं लाकूडकाम! हे काहींना गोधडी जोडल्यासारखं वाटतं. एकेक तुकडा बघितला तर तसं वाटेलही, पण दालनात जरा वेळ बसलं की सगळं एका सुरात येतं, आणि ते विटेटचं खरं कसब आहे.

फोर्टची अडचण तिच्या मोठेपणातूनच येते. दालनांमागून दालनं लागतात, जुन्या चित्रांना आणि कापडांना उजेड सोसत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी प्रकाश मंद ठेवावा लागतो, आणि माणूस मूर्ती-चित्रांत इतका गुंततो की छताकडे लक्षच जात नाही. भायखळ्याला इमारत स्वतःहून समोर येते, तर फोर्टला तिला शोधावं लागतं. बागेत लांब जाऊन, झाडांच्या फटीतून घुमट पूर्ण दिसेल अशी जागा धरून दहा मिनिटं बसलं, तरच विटेटचा आराखडा कळतो. बहुतेक जण तिकीट काढून सरळ आत शिरतात.

तर निवड. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल, लहान मूल असेल किंवा हाताशी अर्धाच दिवस असेल तर भायखळा. दीड-दोन तासांत मनासारखं बघून होतं, स्टेशनपासून चालत जाता येतं, तिकीटही फोर्टच्या मानाने बरंच स्वस्त आहे. वरच्या मजल्यावरच्या मातीच्या छोट्या माणसांपुढून मुलं हलत नाहीत. फक्त बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी बंद असतं. गावाहून पाहुणे आलेत, पूर्ण दिवस मोकळा आहे, पुढे गेटवेही करायचंय, तर फोर्ट. सकाळी उघडताच आत असा, नाहीतर शाळांच्या सहली भेटतात.

आणि वास्तुकलेला जाणारं मूल असेल तर? दोन्ही, पण वेगवेगळ्या रविवारी, आणि आधी भायखळा. तिथे एका दालनात एकच विचार कळतो. तो डोळ्यांत बसला की फोर्टची गुंतागुंत उलगडायला सोपी जाते. उलट क्रमाने गेलं तर भायखळा उगाच छोटं वाटतं, आणि हा अन्याय मी स्वतः बरीच वर्षं त्या इमारतीवर केला.

वाशी-नेरुळकरांनी एक लक्षात ठेवायचं: हार्बरची गाडी भायखळ्याला जात नाही, कुर्ल्याला बदलावी लागते. फोर्टसाठी मात्र सीएसएमटीपर्यंत सरळ बसून जाता येतं. तरी गाडी बदलायचा कंटाळा करू नका, कारण भायखळ्याच्या आवारात तुमच्याच शेजारचा एक हत्ती उभा आहे. उरणसमोरच्या घारापुरीवरचा हा दगडी हत्ती. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो पडून फुटला, आणि तुकडे इथेच राहिले. १९१४ मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभं केलं. जवळ जाऊन बघितलं तर सांधे अजून दिसतात.

वहिनी येत्या रविवारी भायखळ्याला चालल्यात. सासूबाई म्हणाल्या, हत्तीपाशी बसायला सावली असेल तर मीही येते. आहे, झाडं भरपूर आहेत.