क्लबच्या कॅम्पिंगला फॅमिलीसोबत थार न्यायची की जिम्नी?

दोन्ही गाड्यांनी पवना धरणाकडे क्लबसोबत जाऊन आलोय, म्हणून सांगतो. चिखल, पाणी, दगड असेल तर तीन दाराची थार भारीच, ६५० मिमी पाण्यातून जाते आणि डिझेलचा टॉर्क (इंजिनाची ओढण्याची ताकद) चढावर जाणवतो. पण मागच्या सीटला दारंच नाहीत, आईला बसवायचं म्हणजे पुढची सीट दुमडा, हात धरा, गुडघे सांभाळा, आणि दर थांब्याला तेच परत. जिम्नीला पाच दारं, वजनाला हलकी त्यामुळे मऊ मातीत कमी रुतते, लो-रेंज (अवघड रस्त्यासाठी कमी वेगात जास्त ताकद देणारे गिअर) हिलाही आहेच. डिकी मात्र २०८ लिटरची, तंबू-स्टोव्ह-पातेल्यांना कॅरियर लागतोच. घरचे सोबत असतील तर मी डोळे झाकून जिम्नीच काढतो.