चिखलदऱ्याचा घाट आणि 34 दात्यांचं फ्रीव्हील

माझी सायकल सव्वीस इंची चाकाची. पुढं 42 दात्यांची एकच चकती, मागं सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा सात दातेरी चक्रांचा संच, 14 ते 28 दात्यांचा. परतवाड्याच्या बाजारात जायला झकास, पण घाट लागला की उतरून ढकलायची! सगळ्यात हलक्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेऱ्यात सायकल तीन मीटर पुढं जाते. चढावर गुडघ्यांना ते झेपत नाही, अन् माझं वय आता बावन्न.

मागचं चक्र जितकं मोठं तितका पायडल हलका, म्हणून मागं 14-34 चं शिमानोचं मेगारेंज फ्रीव्हील टाकलं. वस्तू चांगली आहे. पण बसवणाऱ्यानं जुनीच चेन ठेवली, लांबी मोजली नाही. मागच्या 34 च्या चक्रावर गिअर टाकला तर चेन तारेसारखी ताणली, डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) पार पुढं ओढला गेला. अजून एक पायडल मारला असता तर तुटलाच असता. दुकानदार म्हणे, ‘काका, तो गिअर टाकूच नका ना!’ अरे बाप्पा, त्याच गिअरसाठी तर पैसे मोजले.

शेवटी पुढची चकती 32 ची केली. तीच चेन पुरली, आणि आता एका फेऱ्यात दोन मीटरला जरा कमी. मागच्या रविवारी चिखलदऱ्यापर्यंत न उतरता गेलो. हळू गेलो, एका म्हशीनं मागं टाकलं, पण वर बसून कॉफी प्यालो.

सपाटीवर मात्र ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढं पाय नुसते गरगर फिरतात. रोज सपाटीवरच चालवणाऱ्यानं ही चकती घेऊ नये.