अँटी डम्पिंग की सीव्हीडी? कारखानदाराने कुठला अर्ज टाकावा

बाहेरचा तयार माल आपल्या कच्च्या मालाच्या भावात येऊन पडतोय, जुनी गिऱ्हाईकं तुटतायत, मग असोसिएशनच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं "ड्युटी लावून घेऊ", पण कुठली ड्युटी ते कुणी नीट सांगत नाही. दिल्लीत डीजीटीआरकडे (अशा तक्रारींची चौकशी करणारी वाणिज्य मंत्रालयाची संस्था) मुख्य रस्ते दोन, अँटी डम्पिंग आणि सबसिडीविरोधी ड्युटी म्हणजे सीव्हीडी. तिसरा सेफगार्डचा, पण त्यात आयात अचानक वाढलेली आणि नुकसान गंभीर असल्याचं दाखवावं लागतं, त्यामुळे तो बाजूला ठेवतो.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. अर्जदारांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान 25 टक्के हवं, चौकशी साधारण वर्षभर आणि फार तर दीड वर्ष चालते, ड्युटी लागली तर पाच वर्षांसाठी. आणि हो, तुम्ही स्वतःच तो माल आयात करून विकत असाल तर अर्जदार म्हणून बाद होऊ शकता, हे आधीच बघून घ्या.

खरा फरक आरोप कुणावर करताय यात आहे. अँटी डम्पिंगमध्ये आरोप परदेशी कंपनीवर, की ती स्वतःच्या देशात 100 रुपयांना विकते आणि आपल्याकडे 80 ला टाकते. आता समजा तिथल्या सरकारने तिला स्वस्त कर्ज, फुकटात जमीन, कमी दरात वीज दिलीये आणि ती दोन्हीकडे 80 लाच विकतेय, मग डम्पिंग कुठे आहे? कागदावर शून्य, आणि तुमचं नुकसान मात्र तेवढंच! अशा वेळी सीव्हीडी लागते, कारण तिथे बोट सरकारच्या मदतीकडे असतं. 2021 साली मलेशियातून येणाऱ्या सोलर काचेवर आपण लावली ती सीव्हीडीच.

चीनचं गणित वेगळं. चिनी कंपन्यांचे घरचे भाव डीजीटीआर सहसा धरतच नाही, भाव दुसऱ्या हिशोबाने काढते, त्यामुळे डम्पिंगचं मार्जिन (दोन भावांमधला फरक) बऱ्यापैकी निघतं आणि अँटी डम्पिंग सोपं जातं.

सीव्हीडीचे कागद मात्र घाम काढतात. एकेक स्कीम धरून सांगावं लागतं, कुणी दिली, कंपनीला फायदा काय झाला, आणि मुख्य म्हणजे ती ठराविक उद्योगाला किंवा कंपन्यांनाच मिळते का, कारण सगळ्यांना सरसकट मिळणारी सवलत यात बसत नाही (एक्स्पोर्टशी बांधलेली मदत मात्र थेट बसते). हे आणायचं कुठून? चिनी लिस्टेड कंपन्यांच्या वार्षिक अहवालात सरकारी अनुदानाचे आकडे असतात, आणि अमेरिका किंवा युरोपने त्याच मालावर चौकशी केली असेल तर त्यांच्या आदेशात स्कीमची नावं तयार मिळतात, तिथूनच सुरुवात करा. चौकशी सुरू करण्याआधी आपल्या सरकारला सबसिडी देणाऱ्या देशाच्या सरकारला चर्चेला बोलवावं लागतं, त्यात वेळ जातो, पण पुढे त्यांनी प्रश्नावलीला उत्तरच दिलं नाही तर हाती असलेल्या माहितीवर निर्णय होतो आणि ते तुमच्या फायद्याचं असतं.

दोन्ही अर्ज एकत्रही चालतात, फक्त एक्स्पोर्ट सबसिडीचा तोच भाग दोनदा वसूल करता येत नाही. माझं मत विचाराल तर चीनविरुद्ध आधी अँटी डम्पिंग, पैसा आणि माणसं असतील तर जोडीला सीव्हीडी. बाकी देशांसाठी आधी तिथल्या बाजारातला भाव काढा, तो कंपनी आपल्याकडे ज्या भावाला माल टाकते तेवढाच पडलेला असेल तर सरळ सीव्हीडीकडे जा.

आणखी एक, डीजीटीआर फक्त शिफारस करते, ड्युटी लावायची की नाही ते अर्थमंत्रालय ठरवतं. चिनी स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर सप्टेंबर 2017 मध्ये 18.95 टक्के सीव्हीडी लागली (आधीची अँटी डम्पिंग ड्युटी त्यातून वजा करून), पण पाच वर्षं पुरी व्हायच्या आत, 2021 च्या बजेटमध्ये ती थांबवली आणि 2022 मध्ये कायमची काढली, कारण धातूचे भाव चढले होते. पत्रा बनवणाऱ्याला ड्युटी हवी असते, पण भाईंदरच्या भांडीवाल्याला तोच पत्रा स्वस्त हवा असतो, आणि दिल्लीत दोघांचंही ऐकलं जातं. म्हणून अर्ज टाकण्याआधी तुमचा माल पुढे वापरणाऱ्यांशी बोला, ड्युटीने त्यांच्या तयार मालाचा खर्च किती टक्के वाढेल याचा हिशोब मांडा आणि तो कागद अर्जासोबतच लावा.